दोन रकान्यांची वही

दक्षिण सातारा नावाचा जिल्हा १९४९ साली वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. कागदावर वाटणी झाली, सोयरिकी तुटल्या नाहीत. साताऱ्याचा मामा, वाळव्याची भाची, मिरजेत नोकरी केलेली मामी ही नाती इथं घरोघर सापडतात. दुखण्याची वाटही अशीच दोन्ही जिल्ह्यांतून जाते. आधी गावचं उपकेंद्र, मग साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, ज्याला सगळे 'सिव्हिल'च म्हणतात, मग कराड, आणि तिथंही नाही भागलं तर मिरज. या वाटेवर पगारी माणसं भेटतात तशी बिनपगारीही भेटतात. त्यांच्याबद्दल एकाच बाजूनं लिहिणं मला पटेना, म्हणून हा संवाद. तो रचलेला आहे आणि यातली माणसं कुणा एका घरची नाहीत. मुद्दे मात्र दोन्ही जिल्ह्यांत रोज बोलले जाणारे आहेत.

मामा हायस्कूलचे निवृत्त शिक्षक. आठवड्यातल्या काही सकाळी ते एका सरकारी रुग्णालयात जातात आणि पेशंटना वाट दाखवतात. भाची वाळवा तालुक्यातल्या एका गावची आशा सेविका. मामींची उभी हयात मिरजेत सिस्टर म्हणून गेली. भाऊबीजेचं जेवण उरकलंय आणि मामा आपल्या स्वयंसेवकांच्या गटाला रुग्णालयात काय काय बघायला मिळतं ते सांगताहेत.

मामा : सोमवारची ओपीडी म्हणजे पाय ठेवायला जागा नसते. खेड्यातनं आलेला माणूस आधी केसपेपरच्या रांगेत चुकतो, मग डॉक्टरांच्या खोलीबाहेर, मग रक्त तपासायच्या खिडकीशी. परवा जावळीतनं एक म्हातारी आली होती. एकटीच. आधार कार्ड पिशवीच्या तळाशी, रेशन कार्ड घरी. महात्मा फुले योजनेच्या टेबलावर ते रेशन कार्ड मागतात. मग तिच्या नातवाला फोन लावला, त्याच्याकडनं फोटो मागवला, प्रिंट काढून आणली. दुपार झाली, पण म्हातारीचं काम झालं. निघताना तिनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला. अगं, पेन्शनीत एवढं कुठं मिळतं?

भाची : चांगलंच केलंत, मामा. पण एक विचारू का? तुम्ही नसता तर तिचं काय झालं असतं?

मामा : परत गेली असती. दुसरं काय?

भाची : मग हे काम कुणाचं होतं? योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसवलाय, त्याला त्याचेच पैसे मिळतात. स्ट्रेचर ढकलायला वॉर्डबॉय असायला पाहिजे. तुम्ही प्रेमानं करता, पण त्यामुळं माणूस कमी आहे हे वर कुणाला कळतच नाही. सगळं कसं सुरळीत दिसतं.

मामा : म्हणजे मी म्हातारीला रांगेत तशीच सोडायची, आणि का, तर शासनाला जाग यावी म्हणून?

भाची : तसं नाही म्हणत मी.

मामा : पण अर्थ तोच निघतो. जागा भरायला वर्षं जातात. म्हातारीचा गुडघा आज दुखतोय. आणि सेवेचं म्हणशील तर आपल्याच मातीतलं उदाहरण घे. सावित्रीबाई आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. १८९७ सालच्या प्लेगात पुण्याजवळ त्यांच्या मुलाचा, यशवंतांचा दवाखाना चालू होता. मुंढव्याचा पोरगा प्लेगनं तळमळतोय कळल्यावर त्याला पाठीवर घेऊन निघाल्या. त्यांना कुणी मोबदला दिला होता? दहा मार्चला त्याच रोगानं गेल्या. कुणाचं काम आहे हे विचारत बसल्या असत्या तर?

भाची : मामा, सावित्रीबाईंचं नाव आमच्या प्रत्येक मीटिंगमध्ये घेतात. मानधन थकलं म्हटलं की साहेब लोक सावित्रीबाई सांगतात. मला त्याचाच राग येतो. त्या दवाखान्यात यशवंत होते, शिकलेले डॉक्टर. आणि बाई गेल्या कशानं? लागण होऊन. सव्वाशे वर्षांनी करोनात आम्ही घरोघर फिरलो तेव्हा आमच्या कित्येकींच्या तोंडाला घरी शिवलेला मास्क होता. इस्लामपुरात मार्च २०२० मध्ये एकाच घराभोवती रुग्ण सापडले तेव्हा सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष आमच्या तालुक्याकडं होतं. दारोदार जाऊन ताप कुणाला, बाहेरनं कोण आलंय, हे विचारत कोण हिंडत होतं? लोक दार लावून घ्यायचे. घरी आलं की पोरं लांब उभी राहायची.

मामा : विमा होता ना तुम्हाला? पन्नास लाखांचा.

भाची : होता. मेल्यावरचा.

इथं मामा गप्प बसतात. मला वाटतं बसायलाच हवं होतं. आशा योजना एप्रिल २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातली. साधारण हजार वस्तीमागं एक बाई, तीही त्याच गावची. पहिल्यापासून कागदावर ती स्वयंसेविका आहे आणि पैसे ठरले ते कामागणिक. म्हणजे मामा आणि भाची दोघंही सरकारदरबारी एकाच जातीची माणसं. मामा वाटलं तर उद्या जाणार नाहीत. भाची नाही गेली तर संध्याकाळी फोन वाजतो.

मामा : बरं, दुसरीकडनं बघ. रक्ताचं घे. एकेकाळी रक्त विकलं जायचं. गरजू, नशेबाज, आजारी माणसं पैशासाठी बाटली भरून द्यायची, आजार लपवायची. सुप्रीम कोर्टानं १९९६ साली निकाल दिला आणि १९९८ पासून रक्त विकणं बंद झालं. का? तर फुकट देणारा खोटं बोलत नाही. त्याला लपवून काही मिळायचं नसतं. पैसा आला की काही गोष्टी नासतात, हे त्या निकालानं मान्य केलं. गणेशोत्सवात आपल्याकडं गावोगाव शिबिरं लागतात, पोरं रांग लावून रक्त देतात. सेवा पैशात तोलायला लागलीस तर हे टिकेल?

भाची : रक्त द्यायला अर्धा तास लागतो, मामा. आणि दिलेलं रक्त शरीर परत भरून काढतं. माझा गेलेला दिवस कोण भरून देणार? मी मळ्यात भांगलायला गेले असते तर संध्याकाळी रोज हातात पडला असता. शिवाय त्या शिबिरात बघा. पोरगा फुकट देतो, पण सुई टोचणारा टेक्निशियन पगारावर असतो. पिशवी विकत आणलेली, तपासण्यांना पैसे पडतात, साठवायच्या फ्रीजला वीज लागते. एक माणूस फुकट देऊ शकतो, कारण बाकीचे दहाजण नोकरीवर आहेत. आमच्याकडं उलटं केलंय. वरचे सगळे पगारी आणि ज्या पायरीवर पेशंट उभा आहे ती पायरी तेवढी बिनपगारी.

मामा : तुमचं मानधन वाढलं की आता. पेपरात आलं होतं.

भाची : वाढलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये संपावर गेलो, नंतर आझाद मैदानात बायका पोरंबाळं घरी टाकून बसल्या, तेव्हा मार्च २०२४ मध्ये राज्यानं महिना पाच हजारांची वाढ मान्य केली, नोव्हेंबर २०२३ पासून. मी नाकारत नाही. पण भारतीय श्रम संमेलनानं २०१३ सालीच सांगितलं होतं की आमच्यासारख्या योजनांतल्या बायकांना कामगार म्हणा. ते अजून झालेलं नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांना सन्मान दिला. गावात माझा सत्कार झाला, शाल मिळाली. आणि त्याच संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय की अशा कार्यकर्त्यांना कामाचं मोल द्या, नुसतं कामागणिक देऊ नका. ते मात्र कुणी वाचून दाखवलं नाही.

मामा : कामागणिक देऊ नये, हे बरोबर आहे. मी हेच म्हणतोय. ज्याला पैसे लावले तेवढंच काम होतं. ज्याला नाहीत ते राहून जातं.

भाची : नवजात बाळाच्या भेटींचं सांगते. दवाखान्यात बाळंत झाली तर सहा भेटी : तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. सगळ्या मिळून अडीचशे रुपये. आता तिथं जाऊन काय करते ते ऐका. आधी हात धुते, साबणानं, कोपरापर्यंत, आणि हवेवर वाळू देते. पदराला पुसायचे नाहीत. मग थर्मामीटर बाळाच्या काखेत. मग त्याच्या छातीकडं बघत, घड्याळ धरून, पुरं एक मिनिट श्वास मोजायचे. साठ किंवा वर गेले तर परत मोजायचे. परत तेवढेच आले तर गाडी बोलवायची, वाट बघायची नाही. मग वजन. रिकामी झोळी काट्याला अडकवून काटा आधी शून्यावर आणायचा आणि मग बाळ ठेवायचं. बाळ हातपाय झाडतं, काटा हलतो. सासू म्हणते, राहू दे बाई, दृष्ट लागायची. मी म्हणते, आत्या, लागू दे, आपण काढू, पण आकडा कळू दे. अडीच किलोच्या आत असलं की मी सहा भेटींवर थांबत नाही. रोज जाते. त्या जास्तीच्या भेटीला कुठं रकाना नाही.

मामा : म्हणजे जातेस ना! पैसे नसताना जातेस. तेच तर माझं म्हणणं.

भाची : जाते. पण मी जाते म्हणून ते फुकटचं काम ठरत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना हेच शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि आमच्या हातातला काटा तिथनं आला. हे शास्त्र आहे, मामा. माया तर आहेच. पण बाळ वाचतं ते मोजण्यानं.

एवढा वेळ मामी आतबाहेर करत होत्या. आता त्या येऊन बसतात.

मामी : तुम्ही दोघंही पैशावरच अडकलात. मी वॉर्डातलं सांगते. एकदा अर्धांगवायूचा पेशंट होता, जवळ कुणी नाही. दोन चांगली पोरं आली, सेवाभावी. त्यांनी मोसंबीचा रस आणला आणि चमच्यानं पाजायला लागली. पेशंट उताणा. मी पळत गेले. गिळता येत नसलेल्या माणसाला आडवं पाजलं तर रस फुफ्फुसात उतरतो, पुढं न्यूमोनिया. त्या पोरांच्या मनात काय वाईट होतं? काही नाही. आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचं फळवाटप तर विचारूच नका. मधुमेहवाल्याच्या उशाशी केळी, उद्या ऑपरेशन असलेल्याच्या हातात सफरचंद, आणि प्रत्येकाचा फोटो. बाईमाणूस अंगावर धड पांघरूण नसताना झोपलेली असते हो! तिला विचारलं का कुणी, फोटो काढू का म्हणून?

मामा : आमचा गट फोटो काढत नाही.

मामी : तुमचं कौतुक आहेच. पण तुम्हाला कुणी शिकवलं? तुम्ही खोकणाऱ्या पेशंटजवळ तास तास बसता. मास्क लावता? हात कधी धुता? मिरजेत वानलेस साहेबांनी १८९४ साली हॉस्पिटल उभं केलं, तेव्हा नुसती दयाळू माणसं गोळा केली नाहीत. तिथंच डॉक्टर घडवले, नर्सेस घडवल्या. आपल्याकडच्या, साध्या घरच्या पोरी. बाहेरनं आलेल्या मिशनऱ्याच्या दयेवर दवाखाना चालला असता तर त्यांच्याबरोबरच संपला असता. शिकवलेली माणसं मागं राहिली, म्हणून आज मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने आहेत.

भाची : मामी, हेच मी...

मामी : थांब, तुझ्याही बाजूनं सगळं नाही. तू म्हणतेस सगळ्याला पगार द्या. मी घेतलाय पगार. रात्रपाळीला एका सिस्टरकडं अख्खा वॉर्ड असायचा. सलाईन, इंजेक्शनं, नोंदी. बेवारस माणूस कोपऱ्यात शेवटच्या घटका मोजतोय आणि मला त्याच्याजवळ पाच मिनिटं टेकायला मिळायचं नाही. आणखी दोन सिस्टर दिल्या असत्या तरी त्यांनाही कामच दिलं असतं, बसायला दिलं नसतं. कुणाच्या ड्यूटीत 'बसणे' लिहिलेलं नसतं. ते बाहेरच्या माणसानंच करायचं.

मामींच्या बोलण्यातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. केरळात याच्यावर पक्की रचना उभी राहिली आहे. मलप्पुरम, कोळिकोड भागात गेल्या शतकाच्या शेवटी शेजारपाजारच्या लोकांनी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची जबाबदारी उचलायला सुरुवात केली. रिक्षावाले, शिक्षक, विद्यार्थी शिकून घेतात आणि ठरलेल्या घरी जातात. पण जखम धुणारी, नळी बदलणारी नर्स पगारी असते. २००८ साली राज्यानं त्याचं धोरण केलं. शेजाऱ्याच्या सोबतीमुळं नर्सची जागा वाचवली गेली नाही, उलट शेजाऱ्यांनी मागणी लावल्यामुळं नर्स मिळाली.

भाची : आमच्या सांगलीतही वेगळं घडलंय. गोकुळनगरच्या वस्तीत १९९२ पासून 'संग्राम' संस्थेनं एड्सचं काम सुरू केलं. मीना शेषू तिच्या संस्थापक. त्यांनी बाहेरनं सेविका नेल्या नाहीत. वस्तीतल्या धंदा करणाऱ्या बायकांनीच निरोध वाटले, एकमेकींना दवाखान्यात नेलं, पुढं 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. २००५ साली अमेरिकेच्या मदतीबरोबर वेश्याव्यवसायाच्या विरोधात सही करायची अट आली, तेव्हा संस्थेनं पैसा सोडला. त्या बायकांना कुणी सेवाभावी म्हणत नाही. त्या स्वतःच्या जिवासाठी उभ्या होत्या. मला ते फार मोठं वाटतं, मामा. सेवा म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली. तिथं तसं नव्हतं.

मामा : मी म्हातारीपेक्षा वर नाही गं. उद्या मीच त्या रांगेत असेन.

भाची : तुम्ही नाही. पण २०१९ च्या महापुरात बघितलं ना? पाणी उतरलं तशा गाड्याच्या गाड्या आल्या. पुण्यामुंबईचे डॉक्टर, औषधं, कपडे. खरंच मोठी मदत झाली. ब्रह्मनाळला बोट उलटून १७ जण गेले होते, सगळा पट्टा हादरला होता. त्या वेळी माणसं आली, हे आम्ही विसरणार नाही. पण काही दिवसांत गाड्या परत गेल्या. मग लेप्टोच्या भीतीनं डॉक्सीच्या गोळ्या वाटायच्या, हौदात मेडिक्लोर टाका म्हणून सांगत फिरायचं, ताप कुणाला ते लिहायचं. एकीचं स्वतःचं घर पडलेलं, ती देवळात मुक्कामाला, आणि तिथनं सर्व्हेला जात होती.

मामा : मग काय करू म्हणतेस? जायचं बंद करू?

भाची : नका बंद करू. वही घाला एक. शिक्षक आहात, हजेरी घालायची सवय आहे. दोन रकाने आखा. एकात, तुम्ही माणूस म्हणून केलेलं. दुसऱ्यात, जागा रिकामी आहे म्हणून केलेलं. स्ट्रेचर ढकललं, दुसऱ्यात. नमुने लॅबमध्ये नेऊन दिले, दुसऱ्यात. बेवारस माणसाशेजारी बसलात, पहिल्यात. महिना संपला की दुसरा रकाना उतरवून रुग्ण कल्याण समितीला द्या, पोच घ्या, एक प्रत आमदारांना. आशाची बाई बोलली की म्हणतात पगारासाठी बोलते. तुम्हाला कुणी तसं म्हणू शकणार नाही.

मामा : हं. आणि तिथल्या लोकांना वाटलं की मी तक्रारी लिहायला येतो, तर?

मामी : सुरुवातीला वाटेल. सिस्टरला आधी दाखवा वही. माझ्या वेळेला असं कुणी लिहून दिलं असतं तर मी स्वतः खाली सही केली असती. आणि तिसरा रकाना मी सांगते : काय करायला शिकलात. हात धुणं, पेशंटला वळवणं, पाजताना पाठीला उशी लावून बसवणं. ते शिकल्याशिवाय वॉर्डात जायचं नाही, रांगेपर्यंतच थांबायचं.

मामा उठून जुन्या डायरीचं कोरं पान काढतात, पट्टीनं रेघा मारतात. जावळीच्या म्हातारीवर पहिली अडचण येते. फोटो मागवणं दुसऱ्या रकान्यात जातं, तिघांचं एकमत होतं. तिचा हात धरून चालणं पहिल्यात.

मामा : आता मिरजेचं सांग. मागं तुझ्या मामीच्या डोळ्यांसाठी गेलो होतो. तिथं अथणीकडचा एक म्हातारा होता, त्याला कानडीशिवाय येत नव्हतं. रांगेतला एक पोरगा त्याच्याबरोबर डॉक्टरांपर्यंत गेला, सगळं समजावून दिलं. हे पहिल्या रकान्यातलं. शंभर टक्के.

भाची : दुसऱ्यातलं.

मामा : अगं, तो रांगेतलाच पेशंट होता! त्याला कुणी सांगितलं होतं?

भाची : त्या पोराचं मन पहिल्यातलं. पण काम दुसऱ्यातलं. मिरजेला कानडी पेशंट कालपासून येत नाहीत. पिढ्यान् पिढ्या येताहेत. रोज येणाऱ्याची भाषा रोज एखाद्या रांगेतल्या पोरावर सोडायची? दुभाष्याची जागाच पाहिजे तिथं.

मामी : वानलेसच्या वेळेपासूनच्या सिस्टरांना कानडी यायचं. मलाही येतं. त्याचे वेगळे पैसे कधी मिळाले नाहीत.

भाची : बघा! लिहा मामा, दुसऱ्यात.

मामा : मी पहिल्यातच लिहिणार. तू तुझ्या वहीत दुसऱ्यात लिही.

भाची : मग समितीला दोन्ही वह्या जाऊ देत.